वापरलेले सागरी मत्स्यालय विदर्भातील गावात हलवणे आणि बसवणे

नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत बदली झालेले किंवा छंद सोडू पाहणारे लोक चालू स्थितीतले सागरी मत्स्यालय दगड, पंप, दिवे आणि माशांसकट विकायला काढतात, आणि तेच सामान नवे घेण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. या व्यवहारातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे सच्छिद्र दगडांवर आणि फिल्टरमध्ये वसलेले जीवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. काच फुटली तर दुसरी घेता येते. पण हे जीवाणू प्रवासात मेले, तर त्यांची वस्ती पुन्हा बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढा काळ मासे तग धरत नाहीत. म्हणून दगड ओले व हवेशीर ठेवून सगळे स्थलांतर एका दिवसात उरकावे लागते, आणि त्यासाठी मत्स्यालय घरी पोहोचण्याआधीच तिथे जागा, पाणी, वीज आणि गारवा यांची सोय पूर्ण झालेली असावी लागते.

घरातील जागा

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीचे घनफळ नऊ घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर असते. दहा मिलिमीटर काचेची अशी पेटी रिकामी असतानाच पन्नास किलोच्या आसपास भरते, आणि पाणी, दगड, वाळू व स्टँड धरून एकूण वजन साडेतीनशे ते चारशे किलोंवर जाते. शेणाने सारवलेल्या भुईवर किंवा लाकडी माळ्यावर हे वजन ठेवू नये. सिमेंटचा कोबा किंवा नीट बसवलेली शहाबादी फरशी, तीही शक्यतो भिंतीलगतची, हीच योग्य जागा होय.

विदर्भात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेल्या घरांच्या फरश्या थोड्याफार हलत राहतात. ज्या खोलीत फरशीला नव्या भेगा पडत असतील ती खोली टाळावी. प्लायवूडचा स्टँड खाऱ्या पाण्याने फुगतो आणि त्याला वाळवीही लागते. वाळवीचे औषध मत्स्यालयाजवळ मारता येत नाही, कारण ते माशांना घातक असते. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा आणि त्याला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत, हे मला सर्वांत खात्रीचे वाटते. पेटी नेण्यापूर्वी तो घरी आणून, लेव्हल लावून, जागेवर बसवलेला असावा.

शेतकरी घरात कीटकनाशकांचा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो. कपाशीवर किंवा तुरीवर फवारायची औषधे ज्या खोलीत ठेवली जातात, ती खोली मत्स्यालयासाठी निषिद्ध समजावी. फवारणीसाठी एकदाही वापरलेली बादली, मग वा ड्रम कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये, आणि फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी पाण्यात हात घालू नये. कीटकनाशके कीटकांसाठी बनवलेली असली, तरी कोळंबी, खेकडे आणि मासे यांच्यावरही ती अगदी अत्यल्प मात्रेतसुद्धा काम करतात. गावात डासांसाठी धूरफवारणी होणार असेल, तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा खेचणारा एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवावा.

पाणी

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थेट वापरता येत नाही. त्यातील क्षार, नायट्रेट आणि शेतातून झिरपलेली खते मत्स्यालयात साठत जातात आणि शेवाळ आवरेनासे होते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी मुळातच खारट असल्याने ते सोयीचे पडेल असे काहींना वाटते; पण त्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे नसते आणि ते घरच्या घरी जुळवून घेता येत नाही. तिथेही सुरुवात शुद्ध पाण्यापासूनच करावी.

शुद्ध म्हणजे आरओमधून काढून पुढे डीआय रेझिनच्या (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळीतून गाळलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ दाखवणारे पाणी. गावातील आरओ केंद्रावर वीस लिटरच्या कॅनमध्ये मिळणारे पाणी पिण्यासाठी चांगले असते, परंतु बोअरचा टीडीएस हजाराच्या वर असेल तर त्या कॅनमध्येही पन्नास-शंभर टीडीएस राहतो, आणि काही यंत्रांत चवीसाठी खनिजे परत मिसळलेली असतात. डीआय रेझिनची नळी वेगळी विकत घेऊन कॅनचे पाणी तिच्यातून सावकाश सोडणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

या पाण्यात मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी मिठाचे मिश्रण टाकायचे असते. स्वयंपाकाचे मीठ किंवा किराणा दुकानातले खडेमीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट योग्य प्रमाणात नसतात. प्रमाण दर लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. म्हणजे 120 लिटरसाठी सुमारे साडेचार किलो. नेहमी पाण्यात मीठ टाकावे. मिठावर पाणी ओतल्यास काही क्षार साक्यासारखे खाली बसतात. स्वच्छ नव्या ड्रममध्ये छोटा पंप फिरता ठेवून हे पाणी चोवीस तास मुरू द्यावे आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजण्याच्या साधनाने, मोजावे. समुद्राच्या पाण्याची क्षारता दर हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026 असते. रिफ्रॅक्टोमीटर जुळवताना 35 क्षारतेचे प्रमाणित द्रावण वापरावे. फक्त शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेले साधन वरच्या मापात चुकू शकते.

पेटीच्या निम्म्या पाण्याएवढे नवे खारे पाणी आणि शिवाय साठ ते शंभर लिटर राखीव एवढी तयारी स्थलांतराच्या आदल्या दिवशी पूर्ण असावी. हे राखीव पाणी पहिल्या आठवड्यात अमोनिया वाढल्यास माशांचा जीव वाचवते, आणि ते ऐनवेळी बनवता येत नाही.

वीज

ग्रामीण फीडरवर वीज जाते, येते आणि दाबही खालीवर होतो. रात्री विजेवाचून पंप थांबला, की पाण्यातील प्राणवायू काही तासांत इतका उतरतो की मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात. पाणी जितके उष्ण आणि खारे, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून इन्व्हर्टरशिवाय हा छंद गावात सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रिटर्न पंप (पेटीखालच्या टाकीतले, म्हणजे संपमधले, पाणी वर चढवणारा) आणि एअर पंप मिळून भार तीसेक वॉटचाच असतो, आणि 150 ॲम्पिअर-तासांची चांगली बॅटरी तेवढा भार रात्रभर सहज ओढते. हीटर आणि दिवे मात्र इन्व्हर्टरवर जोडू नयेत. साइन वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर घ्यावा, कारण स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतात आणि तापतात. याशिवाय बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप घरात कायम असावा.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि गावातील कितीतरी घरांचे अर्थिंग नावापुरते असते. मत्स्यालयाच्या सॉकेटसाठी 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि ओलसर ठेवलेला खरा अर्थ-पिट या दोन्ही गोष्टी वायरमनकडून आधी करून घ्याव्यात. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली टपकते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही.

विकत घेण्यापूर्वीची पाहणी

मत्स्यालय भरलेले आणि चालू असतानाच पाहायला जावे. काचेच्या खालच्या सांध्यांवर बाहेरून मिठाचे पांढरे थर दिसले, तर तिथून पाणी झिरपते आहे. सिलिकॉनमध्ये बुडबुडे, काळवंडलेल्या कडा किंवा बोटाने सुटणारे काठ दिसले, तर पेटी घेऊ नये किंवा सांधे नव्याने भरण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. पेटी आधीच रिकामी करून उन्हात ठेवलेली असेल, तर सौदा पक्का करण्यापूर्वी ती सपाट जागी कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरावी आणि दोन-तीन दिवस कागद ओला होतो का ते पाहावे.

विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, या पेटीत कधी तांबे असलेले औषध टाकले होते का. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबे दिले जाते, पण ते दगडांत आणि वाळूत शोषले जाऊन हळूहळू परत सुटते आणि कोळंबी, गोगलगाय यांसारखे जीव त्याने मरतात; उत्तर संदिग्ध असल्यास तांब्याच्या टेस्ट किटने पाणी तपासावे. दुसरा, क्षारता किती ठेवली आहे. मीठ वाचवण्यासाठी पुष्कळ जण 1.018 ते 1.020 वर पेटी चालवतात, आणि ही माहिती पुढे बसवताना अत्यंत महत्त्वाची ठरते. तिसरा, वाळू किती वर्षांची आहे.

उपकरणांपैकी जुना हीटर घेतला तरी वापरू नये. तो अडकून सतत चालू राहण्याचा धोका असतो आणि नवा फारसा महाग नसतो. पंप आणि प्रोटीन स्किमर (फेसावाटे पाण्यातील घाण काढणारे उपकरण) पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास भिजवले, की त्यांवरचा चुन्याचा थर सुटतो आणि ते बहुधा पूर्ववत चालतात.

कायद्याची बाजू इथेच पाहून घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार टणक सांगाड्याची प्रवाळे, समुद्री पंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या संरक्षित आहेत. प्रवाळखडकातून तोडून आणलेला दगडही त्यात येतो. असे काही पेटीत असेल आणि त्याची वैध कागदपत्रे नसतील, तर ते कितीही सुंदर असले तरी घेऊ नये. गावातील पहिल्या मत्स्यालयासाठी कृत्रिम किंवा खाणीतून काढलेले, जीवाणू वसलेले सच्छिद्र दगड आणि मोजके मासे एवढेच असावे, आणि माशांत क्लाउनफिश सर्वांत बरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केलेले असल्याने टाकीत जन्मलेले मासे मिळू शकतात आणि ते पेटीत लवकर रुळतात.

हंगाम आणि वाहन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच स्थलांतराचा काळ. एप्रिलपासून पुढे, आणि नवतपाच्या दिवसांत तर मुळीच, हे काम काढू नये. बंद डब्यातील पाणी दुपारच्या उन्हात तासाभरात माशांच्या सहनशक्तीपलीकडे तापते. हिवाळ्यातही पहाटे निघू नये, कारण पहाटेच्या थंडीत उघड्या गाडीतले डबे पटकन गार होतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पेटी उतरवायला घ्यावी आणि दुपारपर्यंत निघावे, म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरचा प्रवास उजेडात संपतो.

काचेची पेटी आणि स्टँड छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये जावा. मासे मात्र वेगळ्या मोटारीत, माणसांच्या सोबत. पेटीखाली पूर्ण मापाचा जाड प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल घालावा, पेटी तळावर उभीच ठेवावी, बाजूंना गाद्या लावाव्यात आणि पट्टा फार आवळू नये. पेटीत थोडी वाळू किंवा चार बोटे पाणी शिल्लक ठेवून ती उचलण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हलणाऱ्या वजनाने तळाची काच आणि सांधे याच वेळी तडकतात.

पेटी उतरवण्याचा क्रम

माशांना आदल्या दिवसापासून खाद्य देऊ नये, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होते. सकाळी सर्वप्रथम वीज बंद करावी. मग वरचे स्वच्छ पाणी, वाळूला धक्का न लावता, नळीने झाकणाच्या डब्यांत काढून घ्यावे. निम्मे पाणी सोबत न्यायचे आहे. त्यानंतर दगड एकेक करून उचलावेत आणि त्याच पाण्याने भरलेल्या बादल्यांत पूर्ण बुडवून ठेवावेत. हातमोजे घालावेत, कारण दगडांच्या फटीत बोचरे किडे असतात. दगड कधीही उकळू नयेत वा गरम पाण्यात घालू नयेत; त्यावर असलेल्या काही बटणासारख्या जीवांतून निघणारे विष वाफेवाटे माणसाला गंभीर बाधा करते.

दगड निघाले आणि पाणी चार-पाच इंचांवर आले, की मासे पकडणे सोपे होते. भरल्या पेटीत जाळे घेऊन त्यांच्यामागे लागल्यास ते जखमी होतात आणि वाळू ढवळली जाते. जाळ्यापेक्षा पारदर्शक डब्यात हाकलून घेणे बरे. प्रवास चार-पाच तासांचा असेल, तर प्रत्येक मासा वेगळ्या झाकणाच्या बादलीत, बॅटरीच्या एअर पंपासह नेता येतो. त्याहून लांब जायचे असेल, तर दुहेरी पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू भरून पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवाव्यात.

फिल्टरमधील स्पंज आणि सच्छिद्र गोळ्याही उघड्या बादलीत, त्याच पाण्यात न्याव्यात. बंद कॅनिस्टर फिल्टर तसाच उचलून नेला, तर आतील जीवाणू प्राणवायूअभावी मरतात आणि घरी पोहोचल्यावर ते कुजके पाणीच पेटीत जाते.

राहिली वाळू. वर्षानुवर्षांची वाळू खालच्या थरात काळी पडलेली असते आणि ढवळली की सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. ती वाळू सोबत आणून तशीच वापरणे हे स्थलांतरानंतर मासे मरण्याचे मोठे कारण आहे. ती टाकून द्यावी आणि नवी ॲरॅगोनाइट (चुनखडीयुक्त) वाळू घ्यावी. चार फुटी पेटीला तीन सेंटिमीटर जाडीसाठी सुमारे 25 किलो पुरते. उरलेले खारे पाणी शेतात, परसबागेत किंवा विहिरीजवळ ओतू नये. काळ्या मातीत सोडियम साचला, की तिची घडण बिघडते.

घरी बसवताना

स्टँडवर थर्माकोल किंवा फोमची शीट आणि त्यावर रिकामी पेटी ठेवून लेव्हल पुन्हा पाहावी. प्रथम दगड थेट काचेवर, न हलतील असे रचावेत आणि मग धुतलेली वाळू त्यांच्याभोवती पसरावी; वाळूवर रचलेला दगड पुढे ती सरकल्यावर काचेवर कोसळू शकतो. दगडांना फार वेळ हवेत ठेवू नये, म्हणून हे काम दोघांनी मिळून झटपट करावे. आणलेले जुने पाणी ताटलीवरून सावकाश सोडावे आणि उरलेले नव्या पाण्याने भरून काढावे.

नवे पाणी 35 क्षारतेचे आणि विक्रेत्याची पेटी 1.019 ची असेल, तर माशांना एकदम वर नेऊ नये. पेटीची क्षारता शुद्ध पाणी घालून माशांच्या पाण्याइतकी आणावी आणि मग पुढील आठवड्याभरात, बाष्पीभवनाची भर खाऱ्या पाण्याने करत, ती थोडीथोडी वाढवावी. क्षारता उतरणे मासे बऱ्यापैकी सोसतात, चढणे मात्र सोसत नाहीत.

पंप आणि हीटर सुरू करून तापमान 25 ते 26 अंशांवर स्थिर झाले, की मासे सोडावेत. पिशवीतून आलेल्या माशांच्या बाबतीत एक बारकावा आहे. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचल्याने पाण्याचा पीएच उतरतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यावर वेळ न दवडता मासा पेटीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकून द्यावे. त्या दिवशी दिवे लावू नयेत.

खाली संप असलेल्या पेटीत त्याच संध्याकाळी एक चाचणी करावी. रिटर्न पंपाची वीज जाणूनबुजून बंद करावी आणि वरून उतरणारे पाणी संपमध्ये मावते का ते पाहावे. मावत नसेल, तर संपमधील पाण्याची पातळी कमी करून तिथे रंगाची खूण करावी. जिथे दिवसातून दोनदा वीज जाऊ शकते, तिथे ही खूण ओलांडणे म्हणजे खोलीभर खारे पाणी.

पहिले आठवडे आणि पहिला उन्हाळा

पहिला आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. अमोनिया दर लिटरला 0.25 मिलिग्रॅमच्या वर दिसला, तर राखीव पाण्याने पंचवीस ते तीस टक्के पाणी त्याच दिवशी बदलावे. खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर द्यावे. नवा मासा किमान चार ते सहा आठवडे आणू नये, आणि आणला तरी तो आधी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून, क्षारता मुद्दाम वाढवण्याचे सुरुवातीचे दिवस सोडले तर, रोजची भर केवळ शुद्ध पाण्याने करावी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात चार फुटी पेटीतून दिवसाला काही लिटर पाणी उडते, आणि दोन दिवस दुर्लक्ष झाले तरी क्षारता लक्षणीय चढते. याच कोरडेपणाचा फायदाही घेता येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा रोखला, की बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा काही अंश गार राहते, आणि मे महिन्यात हा उपाय उत्तम चालतो. खोलीत कूलर लावला असेल, तर समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत दमटपणा साचून पंख्याचा परिणाम मावळतो. 28 अंशांपर्यंत काळजी नसते, परंतु पाणी 30 च्या वर सलग राहू लागल्यास पाण्याने भरून गोठवलेल्या बंद बाटल्या संपमध्ये सोडाव्यात आणि एअर पंप वाढवावा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ज्या घरात त्या दिवसांत खोली दुपारी 32 अंशांच्या वर राहते, तिथे चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, खर्च सौदा करतानाच हिशेबात धरावा.

पहिला पावसाळा सरल्यावर, आणि पुन्हा पुढच्या मे महिन्यात, पेटीच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याची उंची काठापासून पट्टीने मोजावी. एका टोकाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला, तर पेटी भरलेली असताना पाचर ठोकू नये. पाणी तळापर्यंत उतरवून, मासे आणि दगड बादल्यांत ठेवून, मगच स्टँडच्या पायाखाली लोखंडी पट्टी सरकवावी.